हळदीचा कस आणि काढणीची वेळ

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण मराठीत उतावळेपणासाठी योजिली जाते. हळदीचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्यास तर ती शब्दशः लागू पडते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले बेणे आठ-नऊ महिने जमिनीत वाढते. त्यास खत, पाणी, भरणी व भांगलण यांवर मोठा खर्च होतो. आणि अखेरीस पंधरा दिवस धीर न धरल्यामुळे त्या खर्चाचा काही भाग मातीमोल होतो. उलटपक्षी, पीक पक्व झाल्यावरही ते आज काढू, उद्या काढू असे म्हणत जमिनीतच राहू देणाऱ्याचेही नुकसान ठरलेले असते. हळद केव्हा काढावी, हा प्रश्न म्हणूनच सोयीचा नसून हिशेबाचा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घेऊन शेतकऱ्यांस प्रत्यक्ष शेतात दाखवून द्यावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

कस म्हणजे काय?

हळदीची किंमत तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे वाळलेल्या हळदीचे वजन, दुसरी तिचा रंग आणि तिसरी तिचा गंध. रंग देणाऱ्या द्रव्यास कुरकुमीन म्हणतात. फोगेल व पेलेतिए या दोन शास्त्रज्ञांनी १८१५ साली ते प्रथम वेगळे केले आणि १९१० साली त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. औषधे, रंग व मसाले तयार करणाऱ्या कारखान्यांची मागणी मुख्यतः या द्रव्यासाठी असते. वाळलेल्या हळदीत जातीपरत्वे साधारणतः २ ते ६ टक्के कुरकुमीन आढळते. गंध हा हळदीतील उडनशील तेलामुळे येतो. उरलेल्या भागात पिष्टमय पदार्थाचा वाटा सर्वांत मोठा असून वाळलेल्या हळकुंडाचे वजन व टणकपणा मुख्यतः त्यामुळेच येतो.

हे सर्व पदार्थ कंदात एकाच वेळी भरत नाहीत. पावसाळ्यात पीक मुख्यतः पाने व फुटवे वाढविते. पुढे कंद फुटतात व लांबतात. पानांनी तयार केलेले अन्न कंदात साठविण्याचे काम सर्वांत शेवटी जोराने होते. या अखेरच्या काळात कंदाचा बाहेरील आकार फारसा वाढलेला दिसत नाही. त्यामुळे ‘हळद वाढायची थांबली, आता काढण्यास हरकत नाही’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. कंद बाहेरून मोठा होणे थांबले तरी आतून भरणे चालूच असते. ओल्या हळदीत सुमारे ८० टक्के पाणी असते. परंतु कोवळ्या कंदात ते त्याहूनही अधिक असते. पक्वतेबरोबर पाण्याचे प्रमाण घटून घन भाग वाढतो.

टक्केवारी आणि एकूण उत्पन्न यांतील भेद

येथे एक मुद्दा विशेष काळजीने समजून घेतला पाहिजे. कंदात कुरकुमीन बरेच आधीपासून तयार होऊ लागते. काही जातींत तर पूर्ण पक्वतेच्या काही आठवडे अगोदर त्याची टक्केवारी अधिक भरते आणि पुढे पिष्टमय पदार्थ साठत गेल्यामुळे ती किंचित उतरते. एवढेच ऐकून ‘हळद लवकर काढली तर कस अधिक मिळतो’ असा निष्कर्ष काही जण काढतात. हे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्यासारखे आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. एका एकरातून १०० क्विंटल ओली हळद निघाली, असे समजावे. ती कोवळी असताना काढली व उतारा १५ टक्के पडला, तर वाळलेली हळद १५ क्विंटल मिळेल. तीत कुरकुमीन ५ टक्के धरले, तर एकूण कुरकुमीन ७५ किलो झाले. तेच पीक पक्व होऊ दिले, उतारा २० टक्के पडला आणि कुरकुमिनाची टक्केवारी ४.६ पर्यंत उतरली, असे मानू. आता वाळलेली हळद २० क्विंटल आणि एकूण कुरकुमीन ९२ किलो झाले. टक्केवारी घटली, परंतु घरात आलेला माल ५ क्विंटलांनी आणि एकूण कुरकुमीन १७ किलोंनी वाढले.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. खणणी, वेचणी, वाहतूक व शिजवणी यांचा खर्च ओल्या वजनावर होतो. विक्री मात्र वाळलेल्या वजनावर होते. दोन्ही वेळा १०० क्विंटलच खणले, वाहिले व शिजविले. मजुरी व जळण सारखेच लागले. कोवळी हळद काढणाऱ्याने त्यांतील मोठा भाग पाणी वाहण्यात व पाणी उकळण्यात खर्च केला. शिवाय कोवळे हळकुंड वाळताना सुरकुतते, त्यास झिलई चांगली चढत नाही आणि सौद्याच्या वेळी ढिगाचा भाव उतरतो.

जात व दिवस

पक्वतेचा पहिला अंदाज दिवसांवरून बांधावा. हळव्या जाती सहा ते सात, निमगरव्या सात ते आठ आणि गरव्या आठ ते नऊ महिन्यांत तयार होतात. सेलम व राजापुरी या गरव्या जाती होत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले स्वरूपा ही जात सुमारे २५५ दिवसांत पक्व होते. कोझिकोड येथील भारतीय मसाले संशोधन संस्थेची प्रगती ही जात मात्र सुमारे १८० दिवसांतच तयार होते.

हा फरक किती मोठा आहे, हे तारखा मांडून पाहावे. १५ मे रोजी लावलेली प्रगती ११ नोव्हेंबरच्या सुमारास पक्व होईल, तर त्याच दिवशी लावलेली फुले स्वरूपा पुढील वर्षाच्या २५ जानेवारीच्या सुमारास तयार होईल. बांधाला बांध लागून असलेल्या या दोन शेतांची काढणी एकाच दिवशी होणे योग्य नाही. तरीही ‘शेजाऱ्याने कुदळ लावली’ एवढ्या कारणावरून काढणी सुरू होते, असे पुष्कळदा दिसते. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने जातीचे नाव व लागवडीची तारीख लागवडीच्या दिवशीच लिहून ठेवावी.

दिवसांची मोजणी हा केवळ अंदाज होय. लागवड उशिरा झाली, पावसाने ताण दिला, पाणी साचले किंवा नत्र अधिक व उशिरा दिले गेले, तर पक्वता मागे-पुढे होते. शेवटचा निर्णय पीक पाहूनच करावा.

पानांची खूण

पक्वता जवळ आली की जमिनीलगतची जुनी पाने प्रथम पिवळी पडतात व वाळतात. ही क्रिया हळूहळू वरील पानांकडे सरकते व खोड जमिनीकडे कलते. हलक्या जमिनीत ८० ते ९० टक्के पाला वाळलेला दिसतो. भारी व ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत मात्र पीक पक्व होऊनही बराच पाला हिरवा राहतो. तेथे संपूर्ण पाला वाळण्याची वाट पाहिल्यास उशीर होण्याचा संभव असतो.

पाला वाळला म्हणजे पीक पिकले, असे सरसकट समजू नये. पाने वाळण्याची इतरही कारणे आहेत आणि येथेच अनुभवी शेतकऱ्याचीही फसगत होऊ शकते. खरी पक्वता व खोटी पक्वता पुढीलप्रमाणे ओळखावी :

१. पक्वतेमुळे येणारा पिवळेपणा सर्व शेतात जवळजवळ सारखा असतो. रोगामुळे येणारा पिवळेपणा ठिकठिकाणी, चट्ट्याचट्ट्यांनी दिसतो.

२. करपा व पानावरील ठिपके या रोगांत पानांवर तपकिरी डाग असतात व ते वाढून पान करपते. पक्व पिकाचे पान डागांवाचून फिकट होत वाळते.

३. कंदकूज झालेल्या झाडाचे खोड ओढताच सहज हातात येते; त्याचा बुंधा मऊ व दुर्गंधीयुक्त असतो. पक्व झाडाचा कंद टणक व निरोगी असतो.

४. पाण्याच्या ताणामुळे पाने प्रथम गुंडाळतात व कडांनी वाळतात. अशा शेतात पाणी देताच उरलेली पाने पुन्हा टवटवीत होतात.

रोगाने किंवा ताणाने अकाली वाळलेल्या पिकातील कंद पूर्ण भरलेले नसतात. कंदकूज झपाट्याने पसरत असेल, तर मात्र पक्वतेची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. तेथे उतारा कमी पडला तरी रोगट भाग आधी काढून वेगळा ठेवावा आणि त्यातील एकही कंद बेण्यासाठी वापरू नये.

कंदाची खूण

पानांवरून अंदाज आल्यावर कंद पाहावा. शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपे चालत जाऊन पाच ठिकाणचे एकेक झाड खणावे. बांधालगतची व पाटाच्या कडेची झाडे घेऊ नयेत. ती शेताची खरी स्थिती दाखवीत नाहीत.

हळकुंडावर अंगठ्याचे नख घासून पाहावे. साल सोलून निघाली, तर कंद कोवळा आहे; साल घट्ट बसलेली असेल, तर तो पक्वतेस आला आहे. हळकुंडाचे टोक पांढरट, टोकदार व रसरशीत असेल, तर वाढ चालू आहे. टोक बोथट व सालीच्या रंगाचे झाले असेल, तर ती थांबली आहे. हळकुंड मोडल्यावर कट्‌ असा आवाज येऊन आतील भाग एकसारखा गर्द दिसावा. रंगाची तुलना करताना एकाच जातीची हळकुंडे घ्यावीत. सेलमचा रंग दुसऱ्या एखाद्या जातीच्या रंगाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

वजनाची कसोटी

नजरेच्या खुणांविषयी दोन माणसांत मतभेद होऊ शकतो. वजनाविषयी सहसा होत नाही. पुढील कसोटी कोणत्याही गावी, साध्या वजनकाट्यावर करता येते व शेतीशाळेत ती अवश्य करून दाखवावी.

वरीलप्रमाणे पाच ठिकाणच्या झाडांची हळकुंडे एकत्र करून धुवावीत व पुसून कोरडी करावीत. त्यांच्या पातळ चकत्या कराव्यात व बरोबर एक किलो वजन करून घ्यावे. या चकत्या स्वच्छ कापडावर पसरून वाळवाव्यात आणि रात्री घरात घ्याव्यात. लागोपाठ दोन दिवसांच्या वजनांत फरक पडेनासा झाला की अखेरचे वजन लिहावे. १५० ग्रॅम भरले, तर घन भाग १५ टक्के; २०० ग्रॅम भरले, तर २० टक्के.

पहिला नमुना जातीच्या नेहमीच्या मुदतीपूर्वी तीन ते चार आठवडे घ्यावा व दुसरा त्यानंतर सुमारे पंधरा दिवसांनी. दुसऱ्या नमुन्याचे वजन स्पष्टपणे वाढलेले असेल, तर कंद अजून भरत आहे, असे समजून थांबावे. वाढ नाममात्र असेल व पाने आणि कंद यांच्या खुणाही जुळत असतील, तर काढणीची तयारी करावी. दोन्ही नमुन्यांच्या वेळी जमिनीतील ओल शक्यतो सारखी असावी. एक नमुना पाणी दिल्यावर लगेच व दुसरा कोरड्यात घेतल्यास तुलना फसवी ठरते.

पाणी तोडणे

पक्वता निश्चित झाली की पाणी तोडण्याचे वेळापत्रक ठरवावे. काढणीपूर्वी हलक्या जमिनीत सुमारे पंधरा दिवस व भारी जमिनीत सुमारे एक महिना पाणी बंद ठेवावे. पाणी एकदम न तोडता त्याआधीच्या पाळ्यांतील अंतर वाढवीत जावे. शेवटपर्यंत पाणी देत राहिल्यास ओले वजन वाढलेले दिसते. परंतु ते पाण्याचे वजन असते व वाळवणीत निघून जाते. शिवाय कंदास नवे कोंब फुटू लागतात.

पाणी तोडल्यावर पाला वाळू द्यावा व जमिनीपासून सुमारे एक इंच अंतर ठेवून धारदार विळ्याने कापावा. कापलेला पाला बांधावर काढून शेत चार ते पाच दिवस तापू द्यावे. त्यामुळे कंदातील पाणी काहीसे कमी होते, माती सुटते व खणणी सोपी जाते. हिरवा पाला असतानाच तो जनावरांसाठी किंवा घाईसाठी कापणे म्हणजे कंदाचा अन्नपुरवठा हाताने बंद करणे होय.

उशिराचे नुकसान

पक्व हळद जमिनीत पडून राहिली तरी बिघडत नाही, हा समजही सोडून दिला पाहिजे. कंद सुप्तावस्थेत असतो, मृत नसतो. विश्रांतीचा काळ संपून उन्हाळ्यात ओल मिळाली, किंवा वळवाचा पाऊस झाला, की तो अंकुरतो. अंकुर वाढतो तो कंदात साठलेल्या अन्नावर. म्हणजे शेतकऱ्याने नऊ महिन्यांत साठविलेले धन कंद स्वतःच खर्च करू लागतो. दुसरीकडे पाऊस न झाल्यास भारी जमीन दगडासारखी आवळते. खणताना हळकुंडे तुटतात, काही जमिनीतच राहतात आणि मजुरी वाढते. लवकर पक्व होणाऱ्या जाती लावून काढणी मात्र गरव्या जातींबरोबर करणाऱ्यांनी हा धोका विशेष ध्यानात घ्यावा.

काढणीनंतरची दक्षता

योग्य वेळी काढलेल्या हळदीचा कस नंतरच्या हयगयीने जाऊ शकतो. जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे व कुजका माल वेगवेगळा करावा. बेण्याचे निरोगी गड्डे सावलीत ठेवावेत. बाकीचा माल चार-पाच दिवसांच्या आत शिजवावा आणि गड्डे व हळकुंडे एकत्र शिजवू नयेत. त्यांना लागणारा वेळ निरनिराळा असतो. उघड्या काहिलीत साधारणतः ४५ ते ६० मिनिटांत फेस व विशिष्ट गंधाची वाफ येऊ लागते. शिजलेल्या हळकुंडात बोथट काडी सहज शिरली पाहिजे. अधिक शिजविल्यास रंग व गंध दोन्ही उतरतात. कमी शिजविल्यास हळकुंड ठिसूळ होते. रंग खुलावा म्हणून पाण्यात सोडा टाकू नये. क्षारयुक्त पाण्यात कुरकुमीन टिकत नाही. वाळलेला माल उजेडापासून दूर, कोरड्या जागी ठेवावा.

घाईची कारणे व त्यांवरील तोड

शेतकरी घाई करतो ती नेहमी अज्ञानामुळे करतो, असे नाही. विहिरीचे पाणी आटत आलेले असते, मजुरांची टोळी दुसऱ्या गावी जाण्याच्या बेतात असते, मार्चअखेर पीककर्जाचा हप्ता भरावयाचा असतो किंवा बाजारात भाव चढलेला असतो. या अडचणी खऱ्या आहेत. ‘थांबा’ एवढाच उपदेश करून कार्यकर्त्याचे काम संपत नाही.

अशा वेळी सर्व शेत एकदम काढण्याऐवजी त्याचे भाग पाडावेत. हलक्या जमिनीतील व आधी लावलेला तुकडा आधी पक्व होतो; तो प्रथम काढून निकडीचा खर्च भागवावा व उरलेला भाग भरू द्यावा. पाणी कमी पडत असल्यास असलेले पाणी सर्व शेतात थोडे थोडे न वाटता मागास तुकड्यास द्यावे. टोळीशी बोलणी वजनाच्या कसोटीचा पहिला निकाल हाती आल्यावर करावी, म्हणजे तारीख अंदाजाने ठरणार नाही. चढत्या भावाचा मोह झाल्यास भावातील वाढ व उताऱ्यातील तूट यांचा हिशेब कागदावर मांडावा. वरील उदाहरणात २० क्विंटलांऐवजी १५ क्विंटल माल हाती येतो. ही तूट भरून निघण्यास भाव एक-तृतीयांशाने चढावा लागेल. इतका भाव पंधरा दिवसांसाठी चढेल व नंतर उतरेल, यावर नऊ महिन्यांचे पीक पणास लावावे काय, याचा विचार शेतकऱ्याने स्वतः करावा.

थोडक्यात

१. जात व लागवडीची तारीख यांवरून पक्वतेचा अंदाज बांधावा.

२. पाने नैसर्गिकरीत्या वाळत आहेत की रोगाने अथवा ताणाने, हे ओळखावे.

३. साल, टोक व मोड पाहून कंदाची पक्वता तपासावी.

४. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन नमुने वाळवून वजनाची खात्री करावी.

५. जमीन पाहून पाणी तोडावे व पाला वाळल्यावरच कापावा.

६. पक्व झालेले पीक विनाकारण जमिनीत ठेवू नये.

शेतीशाळेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात हळदीच्या कोणत्या जाती आहेत व त्या किती दिवसांत पक्व होतात?

२. एका शेतात १ किलो चकत्यांपासून १ जानेवारीस १६० ग्रॅम व १५ जानेवारीस १९० ग्रॅम वाळलेला माल मिळाला. त्या शेतकऱ्यास आपण काय सल्ला द्याल?

३. शेताच्या एका चतकोरातच पाने वाळली आहेत. तेथे प्रथम काय तपासाल?

४. गेल्या हंगामात आपल्या ओल्या हळदीचा उतारा किती पडला? तो कमी पडला असल्यास त्याची कारणे काढणीच्या वेळेत होती की शिजवणीत?